पोळपाटाचा पाय आणि तरंगती गिटार

गिटार घरात आली तेव्हा मला वाटलं, ह्या माणसानं पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडकी वस्तू उचलून आणली. तारा जिथं खाली संपतात तिथली लोखंडी पट्टी चक्क हलत होती. आमच्या ह्यांनी तिला लावलेली वाकडी दांडी मोठ्या कौतुकानं दाबून दाखवली, तर सूर झोक्यासारखा खाली गेला आणि वर आला. "तरंगता ब्रिज म्हणत्यात याला," हे म्हणाले. मी म्हटलं, तरंगू द्या, फक्त माझ्या भांड्यांच्या फळीवर ठेवू नका.

नव्वदनंतरची गोष्ट ही. बारामतीत आमची दोन खोल्यांची जागा होती. हे एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. सकाळी मोटारसायकलला डबा अडकवून जायचे, आणि सुट्टी मिळाली की माझ्या थोरल्या भावाच्या गायन पार्टीत तबला वाजवायचे. दादा इंदापूर तालुक्यातल्या कळसचा, म्हणजे माझ्या माहेरचा. धंदा सुतारकीचा, पण पेटीवर बसला की तोच पार्टीचा मालक. जयंती असो, बुद्ध पौर्णिमा असो, कुणाचं बारसं असो, दादाची पार्टी ठरलेली.

आता तबला वाजवणारा माणूस गिटारीकडे कसा वळला, तर त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पाठ करून. कारखान्यात दिवसभर वाकून काम, पार्टीत बसून वाजवायचं, पुढं गाणारे उभे, त्यांच्या आड आपण. एकदा तरी सासुरवाडीत उभं राहून वाजवायचंय. मी हसले. पण हसता हसता ते मनात राहिलंच.

पण ही गिटार म्हणजे नादिष्ट सासूच. एक तार आवळून सुरात आणावी तर बाकीच्या पाच रुसून खाली बसायच्या. लेकरांना ओळीनं आंघोळ घालावी आणि शेवटच्याचं अंग पुसेपर्यंत पहिलं मातीत जाऊन लोळावं, तसा प्रकार. त्यात ह्यांचं डोकं तबलजीचं. तबल्याचा नियम असा की गाणारा बदलला, त्याची पट्टी बदलली, की हातोडी घेऊन तबला त्याच्या सुराला लावायचा. ह्यांनी तोच नियम गिटारीला लावला. म्हणजे प्रत्येक गाणाऱ्यासाठी सगळ्या तारा पुन्हा पिळायच्या. ते पिळून होईपर्यंत गाणारा गाणं संपवून चहा प्यायला गेलेला असायचा.

बारामतीतल्या एका बारशाला तर ह्यांनी सगळा कार्यक्रम खुंट्या पिळण्यात घालवला. माझ्याशेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, तुमचे मालक वायरमन आहेत का? मी व्हय म्हणून टाकलं.

त्या दिवशी दादानं पेटी बांधता बांधता निकाल दिला. आवाज अगदी मऊ. दादा मऊ बोलायला लागला की समजायचं, रंधा फिरतोय.

"दाजी, कळसच्या जयंतीला तुमी तबला घ्या. गिटार दारावर टांगा. घराला नजर लागायची न्हाय."

"एक डाव वाजवू द्या की, पाव्हणं."

"बरं. पहिलं गाणं उभं राहून वाजवा. जरा जरी बेसूर झालं तर तितंच खाली बसायचं. सगळ्या गावादेखत."

घरी येताना ह्यांनी मोटारसायकल रागारागानं सगळ्या खड्ड्यांतून घातली. मी मागं बसून गिटार धरलेली, तिची दांडी माझ्या बरगडीत रुतत होती. तीही रागावलेली असावी.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गिटारीच्या पाठीचं झाकण स्क्रू काढून उघडलं. आत स्प्रिंगा. म्हणजे कसं, पुढून तारा त्या पट्टीला ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि पट्टी दोघांच्या ओढाताणीत अधांतरी. ह्यांनी मला बैलगाडीवर समजावलं. गाडीत मागं ओझं जास्त झालं की गाडी उलाळते, पुढं बसलेला माणूस वर जातो. तसंच हे. एक तार आवळली की तोल गेला. उपाय एकच, आत टेकू लावायचा आणि स्प्रिंगा जरा जास्त आवळून पट्टी त्या टेकूवर घट्ट बसवायची. मग दांडी खाली दाबता येईल, वर ओढता येणार नाही, पण तारा जागच्या हलणार नाहीत.

टेकू शोधण्यात आठवडा गेला. काडेपेटी चेपली. पेन्सिलीचा तुकडा मोडला. उसाचं कांडंसुद्धा घालून बघितलं, तर गिटारीला मुंग्या लागल्या. आणि मग एका सकाळी माझा पोळपाट डुगडुगायला लागला.

चपाती एका बाजूला कागदासारखी, दुसऱ्या बाजूला धपाट्यासारखी. पोळपाट उलटा करून बघते तर तीन पायांपैकी एक गायब. तशीच जाडपातळ चपाती ताटात वाढली. लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकाला कधी बरं न म्हणणारा माणूस म्हणाला, "आज चपात्या लई मऊ झाल्यात." बायांनो, नवऱ्यानं उगाच चपातीची तारीफ केली की घरातल्या वस्तू मोजून घ्याव्यात.

तरी मी गप्प. रोज तसलीच चपाती, रोज तारीफ. हे चोरून गिटार लावायचे आणि मी चोरून ऐकायचे. तारा खरंच हलत नव्हत्या. फक्त गाणाऱ्यांच्या पट्टीचा घोळ उरला होता. जयंती जवळ आली तरी ह्यांचा हात खुंट्यांवरच. शेवटी मी भांडी घासता घासता टोमणा मारला, "गाणारा बदलला की आमचा दादा पेटी बदलतो का बोटं बदलतो?"

"पेटीचं येगळं असतं," हे तोऱ्यात म्हणाले. पण संध्याकाळी बघते तर खुंट्यांना हात न लावता गिटारीच्या लांब मानेवर डावा हात वर-खाली सरकत होता. मी तेव्हाही काही बोलले नाही. माझी त्या महिन्यातली पुण्याई फार मोठी आहे.

कळसला दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. तबल्यावर कऱ्हाटी गावचे एक मास्तर बसले. ह्यांचा तबलाही स्टेजच्या कडेला आणून ठेवलेला, दादाची व्यवस्था. हे मात्र उभे, पांढऱ्या शर्टात. पहिलं गाणं सुरात गेलं. दादानं मग मुद्दाम उंच पट्टीची बाई उभी केली, तिच्यामागून खर्जातला म्हातारा. ह्यांचा हात सरकला, सूर जागेवर. दादा दर गाण्यानंतर पेटीची एक पट्टी दाबून कान तिरका करायचा आणि काहीच न सापडल्यासारखा तोंड वाकडं करायचा.

शेवटी त्यानं माईक ओढला. "दाजी, ती दांडी हलवा की. का तीबी शोभेचीच?"

सगळं गाव हसलं. हे माझ्याकडे बघायला लागले. बायांच्या बाजूला बसून मी हातानं लाटल्यासारखं केलं, खाली दाबा, खाली. ह्यांनी गाण्याच्या शेवटाला दांडी दाबली. सूर खोल विहिरीत उतरला आणि बरोबर काठावर आला. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस बिघडतो. ह्यांनी दांडी धरून गदागदा हलवली. पाठीचं झाकण लावायचं राहिलेलं. आतून काहीतरी निखळलं, स्टेजवर टणटण उड्या मारत गेलं आणि दादाच्या पेटीपाशी थांबलं. गिटारीचा गळाच बसला.

दादानं ती वस्तू उचलली, उजेडात धरली. माझ्या लग्नाच्या रुखवतातला पोळपाट त्यानंच घडवला होता. स्वतःच्या हातचा पाय त्याला ओळखू येणारच. त्यानं आधी पायाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग मला शोधलं. मी पदर तोंडात कोंबला होता.

हे गिटार गळ्यातून काढायला लागले. तबल्याकडे एक पाऊल टाकलंसुद्धा.

"कुठं निघालाव?" दादा म्हणाला.

"ठरलंय ना. बसतो."

"पाय असा बसवत्यात व्हय? गवंड्यानं दार लावल्यासारखं. आणा हिकडं."

त्यानं मास्तरांची तबल्याची हातोडी घेतली, रुमालाची चिंधी फाडून पायाला गुंडाळली, आणि सगळ्या गावासमोर तो पाय गिटारीत ठोकून बसवला. सुताराला वाईट काम बघवत नाही, मग ते कुणाचंही असो. माईकवर त्यानं एवढंच सांगितलं की वाद्याचा पाय मुरगळला होता, आता बरा आहे. तारा लावल्या गेल्या आणि हे शेवटच्या गाण्यापर्यंत उभेच राहिले.

पुढच्या आठवड्यात दादा बारामतीला जेवायला आला. ताटातली चपाती उचलून त्यानं दिव्याकडे धरली, जाड बाजू, पातळ बाजू, आणि पोळपाट मागितला. मला वाटलं, पिशवीतून नवा पाय काढेल. तर त्यानं कोपऱ्यातला ह्यांचा तबला पुढं ओढला, चामड्याच्या वाद्या ताणून सूर लावणाऱ्या लाकडी गठ्ठ्यांतला एक उपटला, आणि तासून माझ्या पोळपाटाखाली बसवला.

"अवं पाव्हणं, गठ्ठ्याबिगर तबला लागंल का?" हे कळवळले.

"न्हाय लागायचा. उभं ऱ्हावा आता," दादा म्हणाला आणि चपातीचा जाड भाग मोडून कालवणात बुडवला.