मायाक्काच्या खुणेची मेंढरं

मायाक्काला कुणी विचारलं, "बाई, तू मूळची कुठली?" की ती गावाचं नाव सांगायची नाही. "डाव्या कानाला दोन खाचा, त्या घरची," असं ठसक्यात सांगायची. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या शेजारणींना त्यातलं काय डोंबल कळणार! पण ऐकणारा धनगर असला, तर लगेच मान डोलवायचा. सांगोल्याच्या अंगाला तात्याबाचा कळप होता, त्याची ती खूण. रानात चार कळप एकमेकांत मिसळले तरी कान बघून ज्याचं त्याचं मेंढरू वेगळं काढता येतं. आणि दुसऱ्याच्या मेंढराच्या कानावर आपली खूण केली, तर ती उघडउघड चोरी. अशा माणसाला धनगर आपल्या पंगतीला बसू देत नाही.

मायाक्का तात्याबाची धाकटी भावजय. नवरा सिदू मानमोडीच्या तापाच्या साथीत दोन दिसांत गेला, आणि पुढच्या दुष्काळानं त्याच्या वाटणीची बरीच मेंढरं नेली. उरली ती दिरानं आपल्या कळपात घातली. तसा तात्याबा वाईट माणूस नव्हता हो, पण तोंडाचा फटकळ. "हितं राहा, भाकरी मिळंल," म्हणाला. भाकरी मिळत होतीच, पण उठता बसता ती मोजून दिल्यासारखी वाटायची. बाई मानी. एक दिवस घोंगडं खांद्यावर टाकलं आणि निघाली सोलापूरला. त्यावर तात्याबा चावडीवर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "गेली ती गेली. आमच्या खुणेची न्हाय ती आता."

नवरा गेल्याचं दुःख तिनं गिळलं, पण हे वाक्य तिला गिळता येईना. घर सुटलं म्हणून काय माणूस बेवारशी होतं?

सोलापुरात आधी गिरणीत काम केलं, मग मिशनच्या विल्टन मडमेच्या शिवणवर्गात शिरली. वर्ग चालवायची राजाबाई. ती ख्रिस्ती, जिभेची तिखट आणि मनाची लोण्यासारखी. मायाक्काला अक्षर येत नव्हतं, पण घोंगड्यांचे काठ शिवून शिवून हात असा तयार झालेला की सुई तिच्या बोटांत आपोआप चालायची. राजाबाईनं पहिल्याच दिवशी तिचा टाका बघितला आणि म्हणाली, "अगं, तू कुठं दडून बसली होतीस इतकी वर्षं?"

"मेंढरामागं," मायाक्का म्हणाली.

आता नाताळाच्या कार्डांचं सांगतो. अठ्ठावीस-एकोणतीस साल असेल. तोवर ही कार्डं विलायतेहून यायची. जाड, गुळगुळीत कागद. त्याच्यावर पांढरंफेक बर्फ आणि लाल छातीचा एक पक्षी, जो सोलापूरच्या उन्हात आला असता तर तासाभरात तडफडून मेला असता. मिशनमधली गोरी माणसं ती एकमेकांना पाठवायची, आपली ख्रिस्ती माणसंही हौसेनं भिंतीवर लावायची. एके वर्षी आगबोट रखडली आणि नाताळाची कार्डं शिमग्याला येऊन पोचली! तेव्हा विल्टन मडम वैतागून म्हणाली, पुरे झालं, आता कार्डं आपणच करू. गिरणीचं कापड घेऊ, त्यावर बायका रेशमानं चित्र भरतील, ते जाड पुठ्ठ्यावर डकवू आणि इथूनच विलायतेला धाडू. ऐकलंत ना? इतके दिवस तिकडून इकडं येत होतं, ते आता आमच्या सोलापुरातून तिकडं निघालं. उगाच नाही आमच्या पेठेतल्या माणसांची छाती फुगली!

मडमेनं चित्र काढून दिलं. गव्हाणीत बाळ, शेजारी त्याची आई, आणि दर्शनाला आलेले मेंढपाळ. मेंढपाळ बघून मायाक्का खूश झाली. एवढा देवाचा पोर, आणि पैल्यांदा भेटायला कोण आलं? धनगर! पण मेंढरं बघून तिला हसू आवरेना. पांढरी, गोल गोल, कापसाचे बोळे.

"ही असली मेंढरं एक कोस चालायची न्हाईत," ती म्हणाली, आणि तिनं आपली भरली. काळी, काटक, लांब तोंडाची, कान खाली लोंबणारे. आणि प्रत्येकाच्या डाव्या कानाला तांबड्या धाग्याच्या दोन बारीक खाचा.

मडमेला वाटलं, टाका चुकला. ती उसवायला सांगू लागली. राजाबाईनं तिला खुणेचा अर्थ समजावला. मडम म्हणाली, "पण मायाक्का, ही मेंढरं बेथलेहेमची आहेत. तुझी कशी असतील?"

"आसत्याल बाई तिकडली. पन बिनखुणेचं मेंढरू म्हंजी एक तर चुकल्यालं, न्हाय तर चोरल्यालं. तसलं मी देवाच्या दारात हुबं करायची न्हाय."

मडम हसली आणि म्हणाली, राहू दे. अशी मायाक्काच्या घरची मेंढरं आगबोटीत बसून विलायतेला गेली. बाई चार दिवस जमिनीवर पाय ठेवत नव्हती.

नाताळ आला तसं मडमेनं वर्गातल्या प्रत्येकीला एकेक कार्ड दिलं. राजाबाई म्हणाली, "हे घरात ठेवायचं नसतं गं. ज्याची आठवण येते त्याला पाठवायचं, असा रिवाज आहे. सांग, काय लिहू?"

मायाक्कानं नकाराची मान हलवली. "काय लिवू नगंस. त्येला वाचता येत न्हाय. कान बघितला की त्येला कळंल."

लोकर घ्यायला सांगोल्याकडं जाणाऱ्या चन्नवीर गाडीवानाच्या हाती तिनं ते तात्याबाला धाडलं. तिला वाटलं, दीर बघेल, म्हणेल, बाई कुठं बी गेली तरी घरची खूण इसरली न्हाय. भोळी गं भोळी! कळपवाल्याला तीच गोष्ट कशी दिसेल, हे एका धनगरणीनं तरी ध्यानात घ्यायला नको होतं काय?

पुढच्या बाजाराच्या दिवशी तात्याबा शिवणवर्गाच्या दारात हजर. कार्ड मुंडाशात खोचलेलं आणि बरोबर गुरप्पा. गुरप्पा म्हणजे सोलापुरातल्या धनगरांचा जाणता म्हातारा, त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. बायकांनी सुया थांबवल्या. मायाक्कानं पदर पुढं ओढला आणि उठून उभी राहिली.

"गुरप्पादादा, बघा," तात्याबानं कार्ड पुढं केलं. "लोकाची मेंढरं, लोकाचा देव, आन् खूण माज्या घरची! चन्नवीर सांगतो, असली ढीगभर मेंढरं ह्या बाईनं सायबाच्या मुलखात धाडली. उद्या कुणी म्हनंल, तात्याबा दुसऱ्याच्या कळपाला आपली खूण करतो. माजी अब्रू काय ऱ्हायली? आन् मी गावाफुडं सांगितलंय, ही आमच्या खुणेची न्हाय म्हनून."

चोरीचा हा विचार मायाक्काच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. मेंढरं दुसऱ्याची, हे मडमेनं तोंडावर सांगितलं होतं की! आता गुरप्पानं एकदा 'चोरी' म्हटलं, की सोलापुरातला एकही धनगर तिच्या हातचं पाणी घेणार नव्हता. घर तर गेलंच होतं, आता जातीत तोंड दाखवायची सोयही जाणार.

"बोल बाई," गुरप्पा म्हणाला. "मेंढरं कुनाची?"

दिरासमोर ती आजवर वर मान करून बोलली नव्हती. आज तिनं मान वर केली. पदर मागं सरकला, तिनं तो सावरलाही नाही.

"माजी," ती म्हणाली. "दादा, त्या बाळाकडं आल्यालं धनगर त्येंची मेंढरं घिऊन कवाच माघारी गेलं. ही मेंढरं हितं ह्या वसरीवर झाल्याती. एकेक पाय, एकेक खूर मी टाक्याटाक्यानं घातला. खाच पाडायच्या आदी तो कान बी मीच केला. मंग दुसऱ्याची कशी? आन् भावजी, तुमी म्हनता मी तुमच्या खुणेची न्हाय. तुमच्या कळपातलं मेंढरू हरवून दुसऱ्या मुलखात गेलं, तर त्येच्या कानाच्या खाचा बुजत्यात व्हय? मेंढराला जे लागू, ते माणसाला न्हाय?"

राजाबाईनं डोळ्याला पदर लावला, पण छाती मात्र अशी काढली की जणू तीच बोलली होती.

गुरप्पानं कार्ड घेतलं, उन्हात धरलं आणि अंगठ्यानं रेशमी कान चाचपला. "तात्याबा," तो म्हणाला, "मेंढरं हिनंच केल्याती. आपल्या मेंढरावर घरची खूण घातली, ही चोरी न्हवं. आता ही तुझ्या घरची हाय का न्हाय, त्ये मी सांगायचं न्हाय. त्ये तूच सांग."

तात्याबानं कार्ड परत मुंडाशात खोचलं आणि तडक निघून गेला. मायाक्का खाली बसली. सुईत दोरा ओवायला गेली, तर तो ओवला जाईना. चोरीचा डाग टळला होता, पण ज्यासाठी कार्ड धाडलं, ते काही तिला मिळालं नव्हतं.

माघाच्या बाजाराला तात्याबा पुन्हा आला, एकटाच. खांद्यावर एक काळं कोकरू, मादी. ते त्यानं मायाक्काच्या पुढ्यात ठेवलं. दोन्ही कान अजून अख्खे.

"सिदूच्या वाटणीच्या मेंढीचं हाय," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तुजं. वाढंल माज्याच कळपात, फुडची पिल्लं बी तुजीच." मग त्यानं कमरेचा चाकू काढला आणि मूठ तिच्याकडं करून धरला.

मायाक्का दचकून मागं सरली. "भावजी, आपल्या घरात कान बाप्यानंच कापायचा आसतो!"

"ठावं हाय मला. घे."

तिनं चाकू घेतला. तात्याबानं कोकरू गुडघ्यात धरलं, पण ते निसटू बघत होतं.

"धरा की नीट, भावजी," मायाक्का म्हणाली, आणि तिनं डावा कान बोटांत घेतला.