ज्यांच्या रक्तात ढाल, त्यांना मच्छरदाणी नाही

"ये गुडेम लिस्ट में नै है, मॅडम," म्हणत साहेबांनी फाइल मिटली.

गुडेम म्हणजे जंगलातली आदिवासी वस्ती. राज्याची वाटणी चालू होती. सिकंदराबादच्या त्या ऑफिसात कपाटं, खुर्च्या, पंखे, सगळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या: हे त्यांचं, हे आपलं. मच्छरदाण्यांचे गठ्ठेही वाटले जात होते. पावसाळा तोंडावर आलेला. आणि मी जिथं मलेरियाच्या प्रचाराचं काम करत होते, नेमकं तेच गुडेम यादीतून गायब.

"का नाही?"

साहेबांनी फाइलमधून एक पिवळा कागद काढला. "ये आपकाच पॅम्फ्लेट है ना? इनके खून में ढाल है बोलके आप हीच लिखे. फिर मच्छरदानी कायकू?"

पत्रक माझंच होतं. सुलतान बाजारात छापलेलं. वर ठसठशीत तेलुगूत: आमच्या रक्तातच मलेरियाविरुद्ध ढाल आहे!

आता खरं काय ते सांगते. रोगाशी लढणारे जीन्स सगळ्या माणसांत सारखे नसतात. त्यांचे काही प्रकार अंगात असले, तर मलेरिया जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. शक्यता. डास चावतोच. तापही येऊ शकतो. शिवाय मूल अर्धे जीन्स आईकडून घेतं, अर्धे बापाकडून. म्हणजे एकाच घरात एका भावंडाला तो प्रकार मिळतो, दुसऱ्याला नाही. आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना त्या गुडेममध्ये असा एक प्रकार बऱ्याच जणांत दिसला होता. बऱ्याच, सगळ्यांत नव्हे.

पण शहरातली शिकलेली माणसं 'आदिवासींचं रक्तच कमजोर' म्हणायची, आणि माझं डोकं फिरायचं. मी मोर्च्यांची पत्रकं लिहून शिकलेली. ओळ एका दमात ओरडता आली पाहिजे. मॅडमनी मजकुरात दोनदा 'शक्यता' घातलं. मी दोनदा कापलं.

"साहेब, ही घोषणा आहे. रिपोर्ट नाही."

"छपा हुआ है ना?"

मी तडक नल्लकुंट्याला मॅडमच्या घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. "तुला म्हटलं होतं की नाही, बाई? बस आता. पत्र देते."

पत्र नेलं. साहेबांनी वाचलंच नाही. वरचं नाव फक्त पाहिलं. "ये लेटरहेड पुराने स्टेट का है. नक्को."

नव्या लेटरहेडला लॅबकडे मंजुरी नव्हती. मंजुरी देणारा अधिकारी वाटणीत पलीकडच्या राज्यात गेलेला. तिकडे फोन केला, तर म्हणे, लॅब आमच्याकडे नाही. गुडेममधून आरोग्यसेविका सरोजिनीअम्मा रोज विचारायची, "अम्मा, जाळ्या कधी? इकडे पाणी साचायला लागलं."

चौथ्या खेपेला माझा तोल गेला. "साहेब, तुमच्या पोराला जपानी मेंदूज्वराची लस दिली म्हणून त्याला डास चावू देता का?"

साहेब हसले. "गुस्सा नक्को, अम्मा. फाइल में छपा कागज है. उसको काटना है तो दूसरा छपा कागज लाओ. मैं क्या करूं?"

एवढंच? हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं?

सुलतान बाजारातल्या त्याच प्रेसमध्ये गेले. तोच पिवळा कागद, तोच मोठा टाइप: आधीचं पत्रक चुकीचं होतं. चूक माझी. मच्छरदाणी सगळ्यांना हवी. खाली माझं नाव. छापणारा म्हणाला, "ऐसा कोई छपाता क्या, आपा?"

साहेबांनी तो कागद जुन्यावर टाचला, सही केली. पाच मिनिटं लागली.

जाळ्या पोचल्या तेव्हा पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. सरोजिनीअम्माची धाकटी तोवर तापानं फणफणली होती. रक्त तपासलं, मलेरियाच. गोळ्या सुरू केल्या, चौथ्या दिवशी पोरगी उठून भात मागायला लागली.

"तुमची ढाल कामाला आली म्हणायची का?" सरोजिनीअम्मानं फोनवर विचारलं. टोमणा होता की काय, कळलं नाही.

जीन्समुळे वाचली की गोळ्यांमुळे, मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी आता छापत नाही.