प्रसादातल्या मनुका

आमच्या शेजारच्या ताई बोलण्याआधी नाकाला पदर लावत. मग म्हणत, "शी, कसली घाण हाय." घाण म्हणजे काहीही. जिन्यातली पिचकारी, वरून टपकणारं फरशी पुसल्याचं पाणी, माझ्या चपला. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. पण आमची बोईसरमध्ये राहत होती, जिथे वारा फिरला की कारखान्यांचा कुजका वास थेट ताटापर्यंत येतो. तिथे राहून एवढं नाजूक नाक कसं टिकलं, देव जाणे.

त्यात नोकरी तारापूरच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. दिवसभर बाटल्यांत नमुने भरायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या. घरी आल्या की साबणाने हात धुऊन नळ कोपराने बंद करायच्या. माहेर समुद्रकाठच्या दातिवऱ्याचं, म्हणून सुकटीचा वास तेवढा त्यांच्या लेखी सुगंध होता.

जिन्याखाली एक कुत्रा राहायचा. खरजेने अर्धा सोललेला, सदा लाळ गळणारा. मलाही त्याची शिसारी यायची, खोटं कशाला बोलू. ताई त्याला 'मेल्या' म्हणत आणि लांबूनच पोळी फेकत.

सोसायटीच्या सत्यनारायणाला यजमानांनी थाट दिसावा म्हणून शिऱ्यात मुठी मुठी मनुका घातल्या होत्या. उरलेलं पातेलं ताईंकडे आलं. तुपात फुगलेल्या मनुका त्यांना गोचिडांसारख्या दिसत. त्यांनी त्या सगळ्या वेचून काढल्या. प्रसाद काही टाकता येत नाही, म्हणून वाटी मेल्यापुढे उपडी केली. त्याने चाटूनपुसून खाल्लं.

दुपारी तो ओकायला लागला. जिनाभर पिवळट चिकट घाण, वर माश्या. खालचे काका मिठाचं पाणी पाजा म्हणाले, कोणी ताक सुचवलं. नाल्यातलं काहीतरी खाल्लं असेल, मरू दे, असंही एक जण म्हणाला. बाकीच्यांनी दारं लावून घेतली. ओकारीची किळस गेली, त्या बंद दारांची मला अजून येते.

तेवढ्यात ताई खाली आल्या. या वेळी नाकाला पदर नव्हता.

"तोंडात काय ओतू नका," त्या म्हणाल्या. "कंपनीत कोणी काय गिळला तर आमी पयला बघतो, काय गिळला. मग डॉक्टर."

आणि त्यांनी ती ओकारी चमच्याने स्वच्छ बाटलीत भरली, वर चिठ्ठी चिकटवली. मेल्याला स्वतःच्या चादरीत गुंडाळून आम्ही रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. रिक्षावाला वाटभर कुरकुरत होता.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि मनुका कोणी दिल्या, असं विचारलं. द्राक्षं, मनुका कुत्र्याची किडनी बिघडवतात, म्हणाले. लगेच आणलात, नमुनाही आणलात हे बरं केलंत. सलाईन चालू ठेवू, पण लघवीवर लक्ष ठेवा. ती बंद झाली तर आशा नाही.

"प्रसाद होता तो," ताई म्हणाल्या. "प्रसादाने कोण मरतो का?"

डॉक्टर सुई शोधत राहिले.

रिक्षात परतताना त्या एकच वाक्य बोलल्या, "मीच घातला त्याला." पुढे दोन दिवस सलाईनला नेणं-आणणं त्यांनीच केलं. एरवी मेल्याची जागा त्यांच्या पांढऱ्या फरशीच्या हॉलमध्ये. तिथे खरजेचा आणि औषधाचा असा दर्प सुटला होता की मी उंबऱ्यावरूनच बोलायचो. लघवीचा मात्र थेंब नव्हता. ताईंनी कामावर रजा टाकली होती आणि जेवणही टाकलं होतं.

ताई आता नाहीत. लोकांना त्यांचा पदर आठवतो. मला ती सकाळ आठवते. मी पेज घेऊन गेलो, तर मेल्या लटपटत उभा राहिला होता आणि त्याच्या मागच्या पायांमधून गडद पिवळी धार फरशीवर सुटली होती. तिचा ओघळ ताईंच्या अनवाणी पायांपर्यंत आला. त्यांनी पाय हलवले नाहीत.

"मुतला," त्या मला म्हणाल्या. "बघ, मुतला." आणि तिथेच, त्या ओल्यात, मटकन बसून रडू लागल्या.