राबाची वाटणी

“केस टाका मॅडम, दीर मला राब भाजू देत नाय,” हिराबाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

शहापूरला माझं ऑफिस आहे, जमिनीचीच कामं करते. हिराबाई शेणव्याच्या, नवरा वारलेला. राब म्हणजे उतारावरचा तुकडा. उन्हाळ्यात त्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळायचं आणि भाजलेल्या मातीत भाताचं बी पेरायचं. तिथली रोपं मग खाचरात लावायची. राब नाही तर रोप नाही, आणि हिराबाईंच्या घरात वर्षभराचा तांदूळही नाही.

नवऱ्यामागे त्यांनी आणि दीर काशिनाथ यांनी स्टॅम्प पेपरवर वाटणी केली होती. गुंठे अगदी सारखे. वरची पट्टी दिराला, खालची खाचरं हिराबाईंना. चांगली खाचरं मिळाली म्हणून बाई सही करून मोकळ्या झाल्या. राब वरच्या पट्टीत गेला, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. दोन्ही घरं तो कायम मिळूनच भाजत आली होती ना! असे कागद बघितले की माझं डोकं फिरतं.

“केस टाकली तर किती पावसाळे जातील सांगता येत नाही. आधी दिराला बोलावू,” मी म्हटलं.

नोटीस मिळताच काशिनाथ तणतणत आले. हिराबाईंनाही मी बोलावून घेतलं होतं. “वाटणी जालीय. वयनीची सही हाय.”

“सातबारा बघितलात?”

सातबाऱ्यावर दोघांची नावं एकत्रच होती. स्टॅम्प पेपरवर लिहिलं की सातबारा आपोआप बदलतो, असा अर्ध्या तालुक्याचा समज आहे. त्यासाठी तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करावा लागतो. संमतीनं करायचा तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात.

“वहिनी सांगत होत्या, पट्टी विकायचीय म्हणे?”

“कल्याणची पार्टी हाय. पन त्यांचा वकील म्हनतो, सातबारा एकट्याचा करून आना.”

“मग वहिनींची सही लागणार. राब त्यांना देऊन टाका.”

काशिनाथ एकदम नरमले. “सगळाच दिला तं आमी रोपं कुठं करू? माज्या पट्टीत बी दोन खाचरं हायत. ती नाय इकायची मला.”

हिराबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “अर्धा अर्धा करा,” त्या म्हणाल्या. “पन भाजायचा एका दिवशी. वारा फिरला तं मला एकटीला आग आवरत नाय.”

“मला तरी कुठं आवरतीय, वयनी?”

मला फार बरं वाटलं. लगेच अर्ज लिहायला घेतला. राबाचे दोन भाग आणि तिथे जायची वाट नकाशात दाखवली. उरलेली पट्टी विकायला हिराबाईंची हरकत नव्हती. आदेश यायला वेळ लागला, पण राब त्याआधीच भाजून झाला होता. त्या वर्षी दोन्ही घरची लावणी वेळेवर झाली.

वाटणी करताना गुंठे सगळेच मोजतात. रोप कुठून आणायचं आणि तिथवर जायचं कुठून, हे आधी बांधावर उभं राहून विचारावं. ते विचारायला वकील लागत नाही. विचारलं नाही, तर मात्र लागतो.