लाल मण्यांचे तोरण

ताईच्या रुखवतातले मणी मी पारखून आणले नव्हते, ही गोष्ट मी तीस वर्षे लपवून ठेवली.

काल शिरूरच्या दुकानदाराने काचेचा एक मणी ओल्या फडक्यावर घासून दाखवला, आणि ते दिवस आठवले. मी तळेगावच्या बाजाराला निघालो तेव्हा ताईने बजावले होते, "रंग सुटला तर घिऊ नगं." जीप सुटेल या घाईत मी लाल मणी तसेच उचलले.

"घासून बघितलंस ना?" परत आल्यावर ताईने विचारले.

"व्हय," मी म्हणालो.

विणताना काही मण्यांतून सुई जाईना, तेव्हा ती हसली. "डोळं घरी ठिवून गेलावतास काय रं?" तरीही महिनाभर खपून तिने तोरण पूर्ण केले.

दौंडला लग्नात ताईच्या सासूबाईंनी ते ओल्या हाताने उचलले आणि त्यांची बोटे लाल झाली. "सूनबाईला मण्यांची पारख न्हाई," त्या सर्वांसमोर म्हणाल्या. ताईने माझ्याकडे पाहिले, पण माझे नाव घेतले नाही. तेव्हा वाटले, सुटलो. तिने मला पाठीशी घातले होते, हे आता कळते.

आज दौंडला गेलो. नव्वदीच्या सासूबाईंशेजारी ताई शेंगा सोलत होती. मी हात जोडले.

"मावशी, ताईनं मणी पारखायला सांगितलं होतं. मीच न बघता आणले, आन् तिच्याशी खोटं बोललो. ताई, चुकलो गं. माफ कर मला."