डायलमागचे बल्ब

आमच्या हिंगणघाटात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. गणपतीचं विसर्जन झालं की ते मांडववाल्यांकडे जाऊन बंद पडलेल्या लाइटिंगच्या सिरीज मागून आणतात. आता सगळीकडे एलईडीच्या माळा आल्या आहेत, पण कुणाकुणाच्या गोदामात जुन्या माळा अजून पडलेल्या असतात. त्यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढे काचेचे बल्ब असतात. एक बल्ब गेला की सगळी माळ बंद होते आणि लोक ती फेकून देतात. काका माळ घरी नेऊन एकेक बल्ब तपासतात, चांगले कापून घेतात आणि जुन्या रेडिओंच्या डायलमागे लावतात. डायलचे मूळ बल्ब आता सहज मिळत नाहीत. हे दोन-दोन जोडून लावले की जेमतेम कोमट होतात आणि कितीतरी वर्षं टिकतात.

आमच्या घरच्या रिसीव्हरलाही त्यांनी तेच लावले होते.

हा रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेली जपानी बनावटीची जड पेटी. बाबांनी लग्नाआधी नागपूरला कुणाकडून तरी जुनीच विकत घेतली होती. ते तिला मशीन म्हणतात. बाबांचं कापडाचं दुकान आहे. दुकान वाढवून आले की हातपाय धुऊन ते मशीनसमोर बसतात आणि नागपूर केंद्र लावतात. दोनेक वर्षांपूर्वी डायलचे बल्ब एकामागून एक गेले. आवाज तसाच होता, पण बाबा मोबाइलचा टॉर्च धरून काटा शोधायचे आणि म्हणायचे, "मेल्यासारखी दिसते बे मशीन."

शेवटी मार्चमध्ये काकांना घरी बोलावलं. त्यांनी जमिनीवर पेपर अंथरून अर्धा दिवस काम केलं. उजेड सारखा पसरावा म्हणून बल्बांपुढे बटर पेपरची पट्टी लावली. संध्याकाळी बाबांनी ट्यूबलाइट बंद केली. डायल मधासारखी पिवळसर दिसत होती, डावा कोपरा थोडा अंधारा.

"पाह्य बेटा," बाबा म्हणाले, आणि मी पाहिलं. खरंच छान दिसत होती.

मी फोटो काढला आणि जुन्या स्टिरिओंच्या हौशी लोकांचा एक इंग्रजी ग्रुप आहे, त्यावर टाकला. तिथं मी बऱ्यापैकी बोलते. लिहायचं असलं की मला अडचण येत नाही. कुणीतरी विचारलं, बल्ब कोणते? मी लिहिलं, स्थानिक पर्याय. दुसऱ्यानं फोटो मोठा करून दाखवलं की उजेड एकसारखा नाही, कोपरा काळा आहे, पेपर घरगुती दिसतो. इतक्या चांगल्या यंत्राला योग्य बल्ब हवेत. तो सभ्यपणेच बोलला होता. तरी मला पहिलीतला तो दिवस आठवला, ज्या दिवशी मी वर्गात "मले" म्हटलं आणि सगळी बाकं हसली. गणपतीच्या सिरीजचे बल्ब आहेत, हे मला त्या ग्रुपवर लिहिता आलं नाही.

मी योग्य बल्ब मागवले. फ्यूजसारखे लांबट, दोन टोकांना धातूच्या टोप्या असलेले. लांबी मिलिमीटरमध्ये मोजून घेतली. वॅटचा आकडा जास्त होता, तो मला दिसलाही होता. जास्त उजेड पडेल, एवढाच विचार मी केला.

मे महिन्यातल्या एका दुपारी बाबा दुकानात होते आणि आई कूलरसमोर झोपली होती. मी कॉलेजच्या प्रोजेक्टच्या वेळचं सोल्डरिंग आयर्न काढलं, काकांच्या जोड्या कापल्या, बटर पेपर सोलून टाकला आणि नवे बल्ब लावले. डायल पांढरीशुभ्र उजळली. मी लगेच फोटो टाकला. मग ऑफिसचा कॉल आला म्हणून मशीन तशीच चालू ठेवून वरच्या खोलीत गेले. कॉल दोन तास चालला.

खाली आले तेव्हा बैठकीच्या खोलीत गोडसर वास येत होता. डायलची प्लास्टिकची पट्टी मधोमध आत वाकली होती. छापलेले आकडे फुगून उचलले गेले होते, नेमके तिथं जिथं नागपूर लागतं. काटा त्या फुगवट्यामागे अडकला होता.

मी मशीन बंद केली. त्यानंतर जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण सांगते. मी माझे बल्ब काढून टाकले आणि काकांचे बल्ब परत लावले. बटर पेपरसुद्धा चिकटवला. बोट भाजलं, तरी थांबले नाही. होतं तसं करून ठेवतेय, असं मी मनाशी म्हणत होते. आईची झोप मोडायच्या आत काम झालं पाहिजे, हेही म्हणत होते. नवे बल्ब कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकले.

संध्याकाळी बाबांनी बटण फिरवलं. काटा हलेना. त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं.

"हे काय झालं?"

"गरमीनं अशीन," आई म्हणाली.

"गरमी काल नव्हती का?" बाबांनी वरचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले. "मांडवाचे बल्ब लावून देल्ले त्यानं माह्या मशीनले." मग माझ्याकडे वळले. "तू शिकली हायेस ना बेटा. ह्या बल्बनं होऊ शकते का असं?"

"होऊ शकतं," मी म्हटलं.

इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोरीचं मत आमच्या घरी शेवटचं असतं. बाबांनी दुसऱ्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन स्कूटरवर दुकानात नेली. मी मागे बसून ती मांडीवर धरली होती. सकाळी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा आजूबाजूचे चार दुकानदार चहाला येऊन बसतात. बाबांनी काकांना बोलावून घेतलं आणि गादीवर झाकण उघडून मशीन त्यांच्यापुढे सरकवली.

"पाह्य, काय करून ठेवलं तू."

बाबा त्यांना तू म्हणतात, ते बाबांना शेठ आणि तुमी. तीस वर्षांची ओळख आहे, तरी असंच आहे. काकांनी आत वाकून पाहिलं. एका जोडावर बोटाचं टोक ठेवलं आणि तसंच राहू दिलं. मग वर पाहिलं. मी गादीच्या कडेला उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

"चुकलं अशीन शेठ माह्यं," ते म्हणाले.

"अशीन म्हंजे? घरचा माणूस समजून मशीन देल्ली तुले."

चहा पिणाऱ्यांतला एक म्हणाला, "यंदा मंडळात बी हेच बल्ब लाव बे. गणपतीच वितळून जाईन, विसर्जनाची कटकट नाई."

सगळे हसले. बाबाही हसले. काका चहा न घेता उठले आणि चप्पल घालताना दोनदा पाय चुकला. मी गादीवरच्या कापडाच्या थानांची लेबलं वाचत होते.

बाबा गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष आहेत. मंडळाचा ॲम्प्लिफायर आणि भोंगे दरवर्षी काकाच पाहायचे. जुलैत मंडळाची बैठक आमच्या घरी झाली. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा बाबा म्हणत होते, "त्याचा हात राह्यला नाई आता. वय झालं." कुणीतरी म्हणालं, हो, मीही माझा डेक परत आणला त्याच्याकडून, नाहीतर तोही वितळायचा. काम एका नव्या साउंडवाल्याला द्यायचं ठरलं. काकांचा हात राहिला नाही, ही आता सर्वांना माहीत असलेली गोष्ट झाली होती. ती माझ्या दोन शब्दांतून निघाली होती आणि मी बिस्किटांची बशी फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या दुकानात गेले. मधले दोन महिने मी ती गल्ली टाळली होती. दुकान म्हणजे एक टपरीवजा खोली आहे. काका एकटेच होते, पुढ्यात एक उघडा ट्रान्झिस्टर. मी उभ्याउभ्याच सांगितलं. वाटेत वाक्यं पाठ केली होती, तरी मधेच इंग्रजीत गेले, मग परत मराठीत आले. काकांनी ऐकून घेतलं.

"मले ठाऊक हाये," ते म्हणाले. "माह्या दोन बल्बनं मेण बी वितळत नाई. अन् जोड माह्या हातचा नोहता. लय सोल्डर लावलं होतं तू, ढेकळं केली होती."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"चार लोकांत शेठच्या पोरीचं नाव घेऊ का मी?" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटल्यासारखं दिसलं. "आपल्यात घेतेत का असं?"

मी म्हटलं, मला माफ करा. ते ट्रान्झिस्टरकडे वळले.

"मले कायले सांगून राह्यली? मले त ठाऊकच होतं. ज्यायले ठाऊक नाई त्यायले सांग."

ज्यांना ठाऊक नव्हतं ते सकाळी बाबांच्या दुकानात चहाला बसत. मला चार दिवस लागले. घरी बाबांना एकट्याला गाठता आलं असतं. रोज रात्री जेवताना मी ठरवायची आणि रोज ताट उचलून आत जायची. एकट्या बाबांना सांगितलं असतं तर गोष्ट घरात राहिली असती, आणि मला तेच हवं होतं, म्हणूनच सांगवत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. तेच चौघं बसले होते. बाबा गजानं कापड मोजत होते.

"बाबा, मला सांगायचंय. मशीनचं."

"घरी बोलू बेटा."

"नाही. इथंच."

बाबांचा हात थांबला. मी सांगितलं. बल्ब मी मागवले होते, मी लावले होते, डायल मी वितळवली, आणि मग काकांचे बल्ब परत लावून ठेवले. शेवटचा भाग बोलताना माझा आवाज इतका लहान झाला की गणपती वितळण्याचा विनोद करणारे गृहस्थ "काय म्हंते?" म्हणाले आणि मला तो पुन्हा सांगावा लागला.

"जाऊ द्या शेठ," ते म्हणाले. "लेकरू हाये. लेकराकडून होते."

मी चोवीस वर्षांची आहे. ते मला सोडवत होते, आणि क्षणभर मला सुटावंसं वाटलं.

बाबा मात्र माझ्याकडे पाहत नव्हते. "मंग तो बोलला काऊन नाई?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, जणू चूक पुन्हा काकांचीच निघत होती. "मी इतकं बोललो त्याले. तोंड नोहतं का त्याले?"

"मी विचारलं त्यांना," मी म्हटलं. "ते म्हणाले, चार लोकांत शेठच्या पोरीचं नाव घेऊ का?"

एकानं कप खाली ठेवला. बाबांनी गज गादीवर आडवा ठेवला आणि मोजलेलं कापड परत गुंडाळायला लागले. मग ते अजून कापायचं होतं हे लक्षात येऊन पुन्हा उलगडलं.

दुपारी त्यांनी दुकान नोकरावर सोडलं आणि मला म्हणाले, "चाल." आम्ही पायी गेलो. काकांनी स्टूल पुढे केलं. बाबा बसले, आणि आजूबाजूच्या सामानाकडे पाहत राहिले. क्षमा मागणं त्यांना येत नाही. मी त्यांना कधी कुणाची क्षमा मागताना पाहिलेलं नाही.

"पोरगी म्हंते तिनं केलं," शेवटी ते म्हणाले.

"म्हंते ना? मंग झालं," काका म्हणाले.

"मंडळाचं काम तूच पाह्य यंदा. त्या दुसऱ्याले मी सांगतो नाई म्हून."

काकांनी हातातला पेचकस डब्यात ठेवला. "नाई शेठ."

"काऊन नाई?"

"नाई. मशीन पाठवजा, डायलचं पाह्यतो. मंडळाचं नाई." ते शांतपणे बोलत होते. "चार लोकांत म्हटलं तुमी, हात राह्यला नाई म्हून. आता भोंगा जरा जरी खरखरला तरी सारे माह्या हाताकडंच पाह्यतीन."

बाबा आणखी थोडा वेळ बसले. काकांनी चहा मागवला, दोघांनी घेतला. मला कप दिला तोही मी घेतला.

परत येताना बाबा माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. ते मला एकदाही रागावले नाहीत. घरी आल्यावर आई म्हणाली, "इतक्या दुपारी कुठं गेलते तुमी दोघं?"

"त्याच्याकडं. मंडळाचं काम पाह्य म्हटलं त्याले," बाबा म्हणाले. "नाई म्हणते तो."

"काऊन?"

बाबा खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. आई माझ्याकडे पाहायला लागली. दुकानातलं तिच्यापर्यंत अजून पोचलेलं नव्हतं. ती त्या दुपारी कूलरसमोर झोपलेली होती, आणि तिची झोप मोडू नये म्हणून मी कसं आवाज न करता काम केलं होतं ते मला आठवलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.