विकायला काढलेलं घर

आम्ही चांद्याचं, म्हणजे आताच्या चंद्रपूरचं, घर विकायला काढलं तेव्हा नव्या चुन्याचा वास भिंतींतून अजून गेला नव्हता. पठाणपुरा दरवाजाच्या आत, शहराच्या परकोटाच्या बाजूला पाच घरांची एक ओळ होती, त्यातलं हे टोकाचं घर. फार पूर्वी एका सागवानाच्या ठेकेदारानं आपल्या माणसांसाठी ती ओळ बांधली होती. दर दोन घरांच्या मध्ये एकच सामायिक भिंत आणि पाचही घरांच्या डोक्यावरून, एकाला एक जोडत नेलेलं सागाचं आडं. आडं म्हणजे छपराच्या कण्याचं लांब लाकूड. एका घरात कुणी उखळात कांडायला बसलं की दुसऱ्या घरात मडक्यातलं पाणी हलायचं.

माझे यजमान जंगल खात्यात नकाशे काढत. दिवसभर कागदावर रेघा मारून आलेल्या माणसाला संध्याकाळी हाताला काही जड लागायचं. आम्ही ते घर घेतलं तेव्हा त्यात वटवाघळं होती आणि माजघराच्या कोपऱ्यात वाळवीचं वारूळ. लग्नानंतरची आमची सगळी वर्षं त्या घरानं खाल्ली असं म्हटलं तरी चालेल. यांनी कुजलेले वासे काढले, छपराचे कवेलू उतरवून धुऊन पुन्हा चढवले. नक्षीच्या दाराला इतकं तेल पाजलं की हात लावला तर बोटं काळी व्हायची. सामायिक भिंत मातीची, म्हणून आमच्या अंगानं तिला विटांचं अस्तर लावलं आणि आड्याखाली सागाचा एक दणकट खांब उभा केला. पोटात लेक असताना मी शिडीखाली उभी राहून कवेलू वर देत होते.

आणि घर झालं तशी अहेरीला बदली झाली.

यांनी फक्त इतकंच म्हटलं, "दुसरं कोणी राहील."

भिंतीपलीकडे एक मावशी राहायच्या. जातीनं ढिवर, रामाळा तलावाच्या मासोळ्या टोपलीत घेऊन घरोघर विकायच्या. त्यांचा नवरा ठेकेदाराची लाकडं नदीतून वाहत आणायचा, त्या कामापायी त्यांना ते घर मिळालं होतं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. त्यांचं छप्पर गळायचं आणि सगळं पाणी त्या सामायिक भिंतीत मुरायचं. यांनी कितीदा तरी सांगितलं, तुमच्या बाजूनंही अस्तर लावून देतो, काही देऊ नका.

"माह्या भिंतीले हात लावाचा नाई," मावशी म्हणायच्या. "तुमी सरकारी मानसं. आज हाये, उद्या बदली. मले इथीच मराचं हाये."

घर विकतोय हे त्यांना कळलं तेव्हा त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "माह्या शेजाराले कोन येईल, मले पुसलं काऊन नाई?" तेव्हापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

गिऱ्हाईक गोंडपिपरीकडचं होतं. धानाची शेती असलेले एक भाऊ आणि त्यांची बायको. बाईंना दमा होता, दवाखान्याजवळ राहायचं म्हणून शहरात घर हवं होतं. पोळ्याच्या आधीचा एक दिवस ठरला. हे अहेरीला हजर होऊन क्वार्टर बघायला गेले होते, त्या दिवसापर्यंत परत येणार होते. पण पावसानं आठवडाभर झोडपलं. आदल्या दिवशी खात्यातला एक गार्ड ओल्या कपड्यांनी दारात आला. वैनगंगेला पूर होता. तेव्हा पूल नव्हता, नावेनं पार व्हावं लागे. "मी आलो ते शेवटच्या नावेत," तो म्हणाला. "साहेब गडचिरोलीच्या काठावर राह्यले. पानी उतरल्याबिगर नाव सोडत नाई."

म्हणजे घर मी एकटीनं दाखवायचं होतं.

सकाळी ऊन पडलं आणि माझा जीव भांड्यात पडायच्या आत मावशींनी मासोळ्यांच्या टोपल्या ओट्यावर मांडल्या. ओटा पाचही घरांना एकच. वास थेट आमच्या बैठकीत. मी बाहेर गेले.

"मावशी, आज दुपारपर्यंत तेवढ्या आत ठेवाल का? पाव्हणे येणार आहेत."

"मासोया काय तुह्या चुलीवर ठेवल्या का मी?"

मी आत आले. थोड्या वेळानं पाहिलं तर ओटा रिकामा होता. मावशींनी टोपल्या उचलून नेल्या होत्या आणि दार आतून लावून घेतलं होतं.

पाहुणे टांग्यानं आले. भाऊ उंच, हाडापेरानं मोठे, बोलायला कमी. बाई पलंगावर बसल्या आणि श्वास जुळवत राहिल्या. भाऊंनी खांबाला थापटलं, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मी बोलत होते, जरुरीपेक्षा जास्त बोलत होते. यांनी मला सगळं पढवून ठेवलं होतं, कुठलं लाकूड कुठून आणलं, चुना किती दिवस भिजवला. भाऊ हूं हूं करत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

मी चहा ठेवायला वळले आणि मला जमिनीवर लाल मातीची एक बारीक रेघ दिसली. सकाळीच सारवलेली जमीन. रेघ भिंतीच्या कडेनं होती. वर पाहिलं. जिथून आडं भिंतीत शिरत होतं तिथून माती गळत होती, चाळणीतून पीठ पडावं तशी. मी बघत असतानाच तिथून करकर असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला, या वेळी लांब.

आड्याला पाळणा टांगलेला होता. पाळण्यात माझी लेक झोपली होती.

मी तिला कशी उचलली ते आठवत नाही. पाळणा रिकामा हलत होता एवढं आठवतं. तिला बाईंच्या मांडीवर टाकलं आणि म्हटलं, "बाहेर चला. लवकर. मधली भिंत बसतेय."

बाई लेकीला छातीशी धरून बाहेर धावल्या. भाऊ मात्र तिथेच उभे राहून वर बघत होते. "पलीकडे कोनी हाये का?" त्यांनी विचारलं.

मी ओट्यावरून धावत जाऊन मावशींचं दार बडवलं.

"मावशी, बाहेर या! भिंत पडतेय!"

आतून आवाज आला, "मासोया उचलल्या ना तुह्यासाठी? आता काय पायजे?"

"मावशी, तुमच्या पाया पडते, दार उघडा!"

"पाव्हने गेले का सांगजो."

त्यांना वाटत होतं, मी अजून घर दाखवण्याच्याच गडबडीत आहे. मी रडायलाच लागले. भाऊंनी मला बाजूला केलं आणि दाराला खांदा दिला. पहिल्यांदा दार नुसतं दणाणलं. दुसऱ्यांदा आतली कडी उखडली. मावशी मागच्या खोलीत चुलीजवळ बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे भिंतीला पोट आलं होतं, अगदी माणसाच्या पोटासारखं. ते त्यांना दिसत नव्हतं, आम्हाला दिसत होतं. भाऊंनी सरळ त्यांना उचललं. मावशी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत, शिव्या देत बाहेर आल्या.

ते दोघं ओट्याच्या खाली उतरतात न उतरतात तोच भिंत बसली. मोठा आवाज झाला नाही. ओल्या मातीचा ढीग खाली टाकावा तसा धप्प आवाज, मग मावशींच्या छपराचे कवेलू घसरत गेल्याचा खळखळाट, मग धूळ. सगळी गल्ली बाहेर आली. सगळ्यांचे डोळे आमच्या छपराकडे होते, कारण आडं एकच होतं. ते खाली आलं असतं तर ओळीतली आणखी घरं त्याच्यामागे आली असती.

आडं करकरलं, थोडं झुकलं आणि थांबलं. खांबानं ते धरलं होतं. विटांचं अस्तर उघडं पडून पावसाच्या आभाळाखाली उभं होतं.

मावशी चिखलातच बसून राहिल्या. शिव्या थांबल्या होत्या. गोंडपिपरीच्या बाईंनी माझी लेक माझ्याकडे दिली, मावशींच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. दोघींनाही धाप लागली होती. संध्याकाळच्या बसनं पाहुणे निघून गेले. घराविषयी ते एक शब्द बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

पूर उतरल्यावर हे आले. दारात पाऊल टाकताच सरळ खांबाकडे गेले, त्यावर हात फिरवू लागले. मी जन्मात कधी यांच्यावर ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "आधी माणसं बघा!" हे वळले. कोपऱ्यात मावशी गोधडीवर बसल्या होत्या. यांनी त्यांच्यापुढे जाऊन नमस्कार केला आणि तिथेच खाली बसले.

हे पुन्हा अहेरीला गेले. मी लेकीला घेऊन चांद्यालाच राहिले, मावशी आमच्या बैठकीत. वेगळी चूल मांडायच्या, माझ्या भाजीला नावं ठेवायच्या आणि लेकीला मात्र माझ्याकडे देत नसत. घराला दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. पडलेल्या भिंतीची बातमी साऱ्या चांद्यात झाली होती.

दिवाळीनंतर एका सकाळी दारात गोंडपिपरीचे भाऊ उभे.

"घर इकलं का?"

"नाही."

"मंग मले द्या."

मला खरंच वाटेना. म्हटलं, "भाऊ, तुमच्या डोळ्यादेखत भिंत पडली."

"म्हनूनच तं आलो. लोक घर दाखवते तं रंग दाखवते. मी याचं लाकूड पाह्यलो. शेजारची भिंत गेली, हे हल्लं नाई." मग मावशींकडे वळून म्हणाले, "पन बाई, मधली भिंत मी बांधीन. दोन्ही अंगानं. हात लावू देजो का?"

मावशींनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुही बदली नाई ना होत?"

"शेतकऱ्याची कायची बदली?"

"मंग बांध," मावशी म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

मावशींचं घर उन्हाळ्याच्या आत उभं राहिलं, छप्पर आधीपेक्षा बुटकं, पण कोरडं. ते मी पाहिलं नाही, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून कळलं. आम्ही तोवर अहेरीला पत्र्याच्या क्वार्टरमध्ये होतो. पावसाळ्यात पत्रा असा वाजे की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. एका खोलीचं दार नीट लागायचं नाही. मी खूपदा यांना सांगितलं, तुमच्या हातचं काम आहे, एका संध्याकाळचं. हे हो म्हणायचे, दाराला विटेचा तुकडा लावायचे आणि झोपून जायचे. सरकारी घराला यांनी कधी खिळासुद्धा ठोकला नाही.